विमानतळावर अडकलात आणि घर साताऱ्या-सांगलीकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखातातून सुट्टीवर येणारे, लेकाकडे अमेरिकेला राहून परतणारे आई-वडील, श्रीनगर-लेहहून रजेवर येणारे जवान, देशभर पांगलेले विटा-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक (सोनं-चांदी गाळणारे). यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आपल्याकडच्या माणसाचं तिकीट पुण्याला, मुंबईला नाहीतर कोल्हापूरला संपतं, पण घर तिथून पुढे ५० ते ३८० किलोमीटरवर असतं. पुढच्या रस्त्याची जबाबदारी कुठलीच विमान कंपनी घेत नाही, म्हणून बरीच उत्तरं विमानतळाच्या दाराबाहेरही जातात.

१. विमान लेट असल्याचा मेसेज आला. सगळ्यात आधी काय करू?

मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्यात वेळ दिसली पाहिजे. विमानतळावर असाल तर बोर्डाचा फोटो घ्या. कंपनीचं अॅप थोड्या वेळाने जुनी वेळ पुसून फक्त नवी दाखवतं आणि मूळ वेळेचा पुरावा हातात राहत नाही.

घरी किंवा रूमवर असाल तर "दोन तास लेट आहे, निवांत निघू" असं करू नका. चेक-इन काउंटर बहुतेक वेळा मूळ वेळेप्रमाणेच बंद होतो: देशांतर्गत विमानाला साधारण ६० मिनिटं आधी, आंतरराष्ट्रीयला ६० ते ७५ मिनिटं आधी. विमान सुटण्याच्या २०-२५ मिनिटं आधी गेट बंद होतं. जाहीर केलेला उशीर अचानक कमीही होतो, आणि मग विमान तुमच्याशिवाय जातं. त्याची भरपाई मागता येत नाही.

२. काउंटरवर "ऑपरेशनल रीझन" एवढंच सांगतात. विमान खरंच कधी सुटेल हे कसं ओळखायचं?

एकच विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या मारतं. सकाळी दिल्लीच्या धुक्यात गेलेले दोन तास संध्याकाळच्या फेरीपर्यंत मागे लागतात. स्वारगेटला "वरून गाडीच आली नाही" म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

विमानं नकाशावर दाखवणाऱ्या अॅपमध्ये तुमच्या फ्लाइटचा नंबर टाका आणि तिला कुठलं विमान लावलंय ते बघा. भारतातल्या विमानांचा नोंदणी क्रमांक 'व्हीटी'ने सुरू होतो. तो घेऊन ते विमान आत्ता कुठे आहे ते शोधा. समजा तुम्हाला दिल्लीहून पुण्याला यायचंय आणि विमान अजून कोलकात्यात उभं आहे. कोलकाता-दिल्ली सव्वादोन तास, त्यानंतर उतरणं, झाडलोट, इंधन, चढणं यात ४० मिनिटं. म्हणजे तीन तासांच्या आत सुटणं शक्य नाही, बोर्डावर "४५ मिनिटं" लिहिलेलं असलं तरी.

रात्री उशिराच्या विमानात आणखी एक मेख असते, ती म्हणजे वैमानिकांच्या ड्युटीचे तास. ते संपले की विमान समोर उभं असूनही सुटत नाही, दुसरे वैमानिक येईपर्यंत थांबावं लागतं. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. दोन्हीकडे एकदा रांग लागली की लवकर हटत नाही. पर्याय असेल तेव्हा दिवसातलं पहिलं विमान घ्या.

३. किती उशीर झाला की जेवण आणि हॉटेल मिळतं?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीएचा नियम असा: अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तास उशीर झाला, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ३ तास, त्याहून लांबच्याला ४ तास, तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं. पुण्याला देशातून येणारी बहुतेक विमानं पहिल्या गटात बसतात.

उशीर ६ तासांपेक्षा जास्त होणार असेल तर सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं काय हवं ते प्रवाशाने ठरवायचं. हॉटेल आणि तिथवर न्यायची-आणायची सोय मिळते ती उशीर २४ तासांवर गेला तर, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळातलं विमान ६ तासांहून जास्त लेट झालं तर.

नुसत्या उशिराला रोख भरपाई या नियमात नाही. रक्कम मिळते ती रद्द झाल्यावर (प्रश्न ४) किंवा चढू न दिल्यावर (प्रश्न ७). कूपन कोणी आणून देत नाही, मागावं लागतं. आणि हवामानाने झालेल्या उशिराला हेही बंधनकारक नाही (प्रश्न ५).

४. विमान रद्द झालं. पैसे परत मिळतील एवढंच, की आणखी काही?

परतावा की दुसरं विमान, ही निवड तुमची. याशिवाय कंपनीने आधी कळवलं नसेल तर भरपाई असते. ती उड्डाणाच्या कालावधीवर ठरते: एका तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० आणि दोन तासांहून जास्तला १०,०००. तुमचं एकेरी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याहून कमी भरत असेल, तर तेवढीच रक्कम. म्हणजे ३,००० च्या तिकिटावर १०,००० मिळत नाहीत.

काउंटरवर गर्दी असते आणि "परतावा घेता का?" हा पहिला प्रश्न येतो. घाईत हो म्हणू नका. परतावा घेतला की कंपनीची तुम्हाला पोहोचवायची जबाबदारी संपली, आणि त्याच दिवसाचं नवं तिकीट दुप्पट-तिप्पट दराने तुम्हीच काढायचं. आधी दुसऱ्या विमानात जागा आहे का ते विचारा. रांगेत उभे असतानाच कॉल सेंटरला फोन आणि अॅपमध्ये 'बदला' हा पर्याय, दोन्ही चालू ठेवा. तिन्हीपैकी जे आधी जमेल ते घ्या.

५. "हवामानामुळे" म्हणून हात झटकतात. चालतं का?

भरपाई आणि जेवण-हॉटेल एवढ्यापुरतं चालतं. धुकं, पाऊस, हवाई वाहतूक नियंत्रणाचा आदेश, संप, सुरक्षेचं कारण हे कंपनीच्या हाताबाहेरचं धरलं जातं. पण रद्द झालेल्या विमानाचा परतावा किंवा दुसरं विमान हे तेव्हाही सुटत नाही. "वेदर आहे, रिफंड नाही" असं कोणी सांगितलं तर ते चूक.

एक तपासून बघा. त्याच वेळेला त्याच विमानतळावरून इतर कंपन्यांची विमानं सुटत होती का? सुटत असतील तर बोर्डाचा फोटो घ्या. सकाळच्या धुक्याचं कारण रात्री ९ च्या विमानाला लावलेलं असतं, तिथे हा फोटो तक्रारीत बोलतो. तांत्रिक बिघाड हा तर हवामानात मोडतच नाही.

६. तिकीट गावातल्या एजंटकडून काढलं होतं. रद्दचा मेसेज आम्हाला आलाच नाही. भरपाई?

इथे पुष्कळ जण अडकतात. प्रवाशाने संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई देणं कंपनीवर बंधनकारक नाही, आणि एजंट बहुधा स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. मेसेज त्याला गेला, दुकान बंद होतं, विषय संपला.

तिकीट हातात आल्याच्या दिवशीच कंपनीच्या साइटवर पीएनआर (तिकिटावरचा बुकिंग क्रमांक) आणि आडनाव टाकून आपला नंबर आणि ई-मेल घालून घ्या. बाहेरदेशी असाल तर तिथला चालू नंबर द्या, भारतातला बंद पडलेला नको. परताव्याची जबाबदारी मात्र एजंट असला तरी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा नियमानुसार कंपनीचा प्रतिनिधी आहे. "एजंटशी बोला" हे उत्तर लेखी मागा.

७. वेळेत पोहोचलो, तिकीट पक्कं, तरी "सीट नाही" म्हणाले.

जास्त तिकिटं विकल्यावर असं होतं. एका तासाच्या आत दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. २४ तासांच्या आत दिलं तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिरा दिलं तर चौपट, कमाल २०,०००. दुसरं विमान नकोच असेल तर परतावा आणि वर चौपट, तीच २०,००० ची मर्यादा. बोर्डिंग नाकारल्याचं आणि तुम्ही किती वाजता हजर होतात हे कागदावर किंवा ई-मेलवर घ्या. नाहीतर नंतर "प्रवासी उशिरा आला" अशी नोंद निघते.

८. पहिलं विमान लेट झालं आणि पुढचं चुकलं. जबाबदार कोण?

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील तर पुढे पोहोचवणं कंपनीचं काम. ट्रान्सफर डेस्कला जा, नवं तिकीट घ्या, बॅग त्याच विमानाला जोडली का ते टॅगच्या नंबरावरून खात्री करा.

दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. तिकीट बुडतं, फक्त सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मागता येतं आणि ते मागितलंच पाहिजे. दुबई-मुंबई आणि मुंबई-कोल्हापूर असं स्वस्त जुळवलेलं असेल तर मध्ये किमान पाच तास ठेवा. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

बाहेरदेशी असताना कंपनी दुसऱ्याच देशातून वळवून पाठवत असेल तर आधी ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते विचारा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो.

९. बॅग थेट कोल्हापूरपर्यंत टॅग केली आहे. मुंबईत काढावी लागते का?

सर्वसाधारणपणे हो. परदेशातून येताना ज्या विमानतळावर पहिल्यांदा भारतात उतरता तिथे इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून बॅग, मग कस्टम्स, आणि मग पुन्हा बॅग जमा. टॅगवर शेवटचं ठिकाण लिहिलंय म्हणून लोक बॅग न घेता पुढे जातात आणि बॅग मुंबईत राहते.

मुंबईत टर्मिनल १ आणि २ एकमेकांपासून लांब आहेत, बाहेरच्या रस्त्याने जावं लागतं. शिवाय २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं आहे. तिकिटावर 'बीओएम' असेल तर जुनी मुंबई, 'एनएमआय' असेल तर नवी. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये संपूर्ण शहराची वाहतूक आहे हे धरून चाला. घरी मोटारीने यायचं असेल तर मात्र साताऱ्या-सांगलीच्या माणसाला नवी मुंबई सोयीची. पनवेलच्या बाजूला असल्याने मुंबई ओलांडायची कटकट नाही.

१०. पुण्याचं विमान मुंबईला किंवा हैदराबादला उतरवलं. तिथेच उतरून घरी जाऊ का?

बहुतेक वेळा विमान इंधन भरून, हवामान निवळलं की पुण्याला परत येतं. उतरायची परवानगी मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी विमानाच्या पोटातल्या बॅगा काढून देत नाहीत, त्या पुण्यालाच जातात. विमान मुंबईला वळवलं, हातात फक्त पाठीवरची बॅग, आणि दोन तासांत काही हालचाल नाही, असं असेल तर क्रूला विचारा. सांगलीवाल्याला मुंबईहून ८ तासांचा रस्ता आहे. पुण्यासाठी तीन तास थांबलं तरी तेच बरं. हैदराबादला उतरून रस्त्याने निघणं तर नकोच.

११. गावाकडून गाडी आणायला गेली आहे आणि विमान सहा तास लेट. भाड्याचं काय?

बाहेरगावच्या गाडीचा हिशोब दिवसाला किमान ३०० किलोमीटर आणि ड्रायव्हर भत्ता असा असतो, आणि दिवस बदलतो तो रात्री १२ वाजता. रात्री ११ चं विमान १ वाजता उतरलं तर दोन दिवसांचं भाडं लागू शकतं. गाडी ठरवतानाच विचारा: वेटिंग तासाला किती, १२ नंतर काय, टोल आणि पार्किंग कुणाचं. व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.

ड्रायव्हरला विमानाचा नंबर द्या, वेळ नको. शक्यतो त्याने गाव सोडायचं ते विमानाने तिकडून उड्डाण केल्यावर. दुबईहून मुंबई तीन तासांचं उड्डाण आणि बाहेर पडायला तास-दीड तास. साताऱ्याहून मुंबईला साडेपाच-सहा तास. म्हणून मुंबईसाठी उड्डाणाच्या दोन तास आधी निघावंच लागतं, पण पुण्यासाठी घाईचं कारण नाही. साताऱ्याहून तीन-साडेतीन तासांत गाडी लोहगावला पोहोचते.

गाडी अरायव्हलच्या दारात उभी राहू देत नाहीत. पुण्यात एरोमॉलमध्ये, मुंबईत टर्मिनल २ च्या मल्टिलेव्हल पार्किंगमध्ये मजला आणि खांबाचा नंबर कळवायला सांगा. आणि रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरला खंबाटकीचा चढ चढायला लावू नका. आधी दोन तास झोपू द्या, वेटिंगचे पैसे गेले तर गेले.

१२. रात्री उतरलो, गाडी नाही. पुढे कसं जायचं?

पुण्यात: रिक्षाने किंवा कॅबने स्वारगेट गाठा. साताऱ्याच्या विनाथांबा गाड्या तिथून सुटतात, सांगली-कोल्हापूरच्याही. सामान थोडं असेल आणि रात्रीचे अकरा वाजायचे असतील तर रामवाडी स्टेशनवरून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून स्वारगेट. मध्यरात्रीनंतर मुंबईहून येणाऱ्या ट्रॅव्हल्स बायपासवर मिळतात, पण अंधारात बॅगा घेऊन तिथे उभं राहण्यापेक्षा पहाटेपर्यंत विमानतळावर बसलेलं बरं.

मुंबईत: रात्रीच्या ट्रॅव्हल्स चेंबूरच्या मैत्री पार्कवरून मिळतात, पुढे वाशी, पनवेल. संध्याकाळी उतरलात तर टर्मिनल २ वरून मेट्रो ३ ने थेट सीएसएमटी आणि तिथून महालक्ष्मी एक्स्प्रेस. सातारा, कराड, सांगली, मिरज सगळ्यांना उपयोगी. तिचं आरक्षण आधीपासून काढून ठेवणं हा स्वस्तातला विमा आहे, विमान वेळेत आलं आणि मोटार मिळाली तर रेल्वेचं तिकीट रद्द करा.

कोल्हापूरहून सांगली सुमारे ५० किलोमीटर, तिथे एवढा प्रश्न येत नाही.

१३. पट्टा थांबला, माझी बॅग आलीच नाही.

आता घाई करायची नाही आणि बाहेर पडायचं नाही. पट्ट्याजवळच कंपनीचा सामान-चौकशीचा काउंटर असतो. तिथे 'पीआयआर' म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अहवाल भरून घ्या. त्याला दहा खुणांचा क्रमांक असतो: तीन अक्षरं विमानतळाची, दोन कंपनीची आणि पाच आकडे. हा क्रमांक मिळाल्याशिवाय "आम्ही फोन करू" या शब्दावर निघू नका. एकदा कस्टम्सच्या दाराबाहेर गेलात की परत आत यायला पास, परवानगी आणि अर्धा दिवस जातो.

फॉर्ममध्ये रंग, आकार, चाकं किती, आणि आत वरच्या थरात काय आहे ते लिहा. "काळी बॅग" अशा शेकड्याने असतात. "आत वर लाल साडी आणि खजुराचा डबा" अशी एकच असते. पत्ता लिहिताना नुसतं गावाचं नाव नको. वडगाव, बोरगाव, वाघेरी नावाची गावं किती आहेत ते कुरिअरवाल्याला माहीत नसतं. तालुका, जिल्हा, पिन कोड आणि ओळखीची खूण लिहा. बोर्डिंग पास आणि बॅगेचा चिकटवलेला टॅग जपून ठेवा.

बॅग २१ दिवसांत मिळाली नाही तर ती हरवली असं धरतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल कराराप्रमाणे सामानाची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. रुपयातला दर त्या दिवशीचा बघावा. देशांतर्गत प्रवासात मर्यादा प्रवाशामागे २०,००० रुपये. ही कमाल आहे, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. आत काय होतं याची यादी आणि जमतील तेवढी बिलं द्यावी लागतात. म्हणूनच दागिने, कागदपत्रं, लॅपटॉप पोटात टाकू नयेत.

१४. बॅग सापडली, पण मुंबईत आहे आणि मी सांगलीत. आणायला जायचं का?

सापडलेली बॅग पत्त्यावर पोहोचवणं कंपनीचं काम, खर्चही तिचा. "येऊन घेऊन जा" म्हणतात तेव्हा त्यांना त्यांचा खर्च वाचवायचा असतो. जायचंच ठरवलंत तर जाण्या-येण्याचा खर्च देणार का ते आधी ई-मेलवर विचारा.

परदेशातून आलेल्या बॅगेची गोष्ट जरा वेगळी. ती तुमच्या गैरहजेरीत कस्टम्समधून काढायची असते, त्यामुळे कंपनी पासपोर्टची प्रत, बोर्डिंग पास आणि सहीचं अधिकारपत्र मागते. कुलूप लावलेलं असेल तर नंबर किंवा किल्ली लागते. किल्ली सांगलीत आणि बॅग सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर, यात चार-पाच दिवस सहज जातात. पीआयआर भरतानाच हे सगळं देऊन टाका.

१५. बॅगेचं चाक तुटलं, कडी उपटली, किंवा आतलं सामान कमी आहे.

तिथल्या तिथे पीआयआर. घरी येऊन उघडल्यावर कळलं तर लेखी तक्रार ७ दिवसांच्या आत, ई-मेल चालतो. उशिरा मिळालेल्या बॅगेसाठी ही मुदत मिळाल्यापासून २१ दिवस, आणि कोर्टात जायची मुदत २ वर्षं. चाक, कडी, पट्टा यांना कंपन्या "नेहमीची झीज" म्हणून टाळतात. बॅग जमा करताना काउंटरवरच काढलेला एक फोटो त्याला पुरेसं उत्तर असतो.

१६. माझ्यासारखीच बॅग दुसरा कोणी घेऊन गेला.

पट्ट्यावर उरलेली तशीच बॅग काउंटरवर जमा करा, उघडू नका. तिच्या टॅगवरून कंपनी त्या प्रवाशाला फोन करते. पीआयआर तरीही भरा. चुकून दुसऱ्याची बॅग घरी आणली असेल तर लगेच कळवा. लपवलं तर चोरीचा संशय येतो.

१७. पॉवर बँक पोटातल्या बॅगेत राहिली. पुढे काय होतं?

स्कॅनमध्ये दिसते, बॅग बाजूला काढतात, तुम्हाला बोलावतात. बोलावणं ऐकू आलं नाही तर बॅग मागे राहते. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच असावी आणि १०० वॉट-तासांपर्यंतची विनापरवानगी चालते. हिशोब सोपा: पॉवर बँकेवर छापलेले एमएएच गुणिले ३.७ भागिले १,०००. २०,००० एमएएचची ७४ भरते, चालते. ३०,००० ची १११ भरते, तिला कंपनीची परवानगी लागते. आकडे पुसलेली पॉवर बँक सरळ काढून घेतात.

कोल्हापूरला येणारी विमानं लहान असतात. हातातली मोठी बॅग विमानाच्या दारातच काढून पोटात टाकतात. तेव्हा पॉवर बँक, औषधं आणि पाकीट आठवणीने बाहेर काढा.

१८. आई-वडील एकटे येणार आहेत, इंग्रजी येत नाही. विमान चुकलं तर ते काय करतील?

व्हीलचेअर किमान ४८ तास आधी नोंदवा, चालता येत असलं तरी. ती ढकलणारा माणूस हाच त्यांचा वाटाड्या असतो. लेट झाल्यावर किंवा विमान बदलल्यावर नोंद पुढच्या विमानात गेली का ते फोन करून विचारा, इथेच ती हमखास गळते.

एका कार्डावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहून गळ्यात द्या: नाव, पीएनआर, पुढचं विमान, मुलाचा नंबर, इथल्या माणसाचा नंबर, कुठली औषधं चालू आहेत. गोळ्या तीन दिवस पुरतील एवढ्या आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत. त्यांचं भारतातलं सिम सहा महिन्यांत बंद पडलेलं असू शकतं. मग ओटीपी येत नाही, कॅब बुक होत नाही. निघायच्या आधी रिचार्ज करून रोमिंग सुरू आहे का ते बघा. थोडे रुपये रोख द्या.

१९. येताना परदेशातच पासपोर्ट हरवला.

तिथल्या पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. नवा पासपोर्ट व्हायला वेळ लागणार असेल तर 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देतात. ते फक्त भारतात एकदा येण्यापुरतं. ज्या देशातून निघायचं तिथला व्हिसा किंवा निवास परवाना पासपोर्टवर असेल तर बाहेर पडण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, म्हणून त्याच दिवसाचं तिकीट काढू नका. घरी आल्यावर पुन्हा अर्ज. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे पुणे पासपोर्ट कार्यालयाकडे येतात.

२०. युरोपातून येताना जास्त भरपाई मिळते म्हणतात. खरं का?

खरं. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला, भारतीय असली तरी, २००४ चा नियम २६१ लागतो. ३,५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासात शेवटच्या ठिकाणी ३ तास किंवा जास्त उशिरा पोहोचलात आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल तर ६०० युरो. उशीर तीन ते चार तासांचा असेल तर ही रक्कम निम्मी होऊ शकते. फ्रँकफर्ट-दुबई-मुंबई एकाच बुकिंगवर असेल तर मुंबईला किती वाजता पोहोचलात ते धरतात. ब्रिटनमध्ये तसाच नियम आहे, रक्कम ५२० पौंड. अमेरिकेत उशिराची रोख भरपाई नाही, पण आंतरराष्ट्रीय विमान ६ तास किंवा जास्त लेट झालं आणि तुम्ही गेला नाहीत तर परतावा मिळतो.

२१. प्रवास विमा काढला होता. बॅग उशिरा आली, क्लेम नाकारला.

बऱ्याच पॉलिसींत बॅग उशिरा येण्याचं संरक्षण फक्त बाहेर जाताना असतं, भारतात परतताना नाही. घरी कपडे आहेतच, असा त्यामागे हिशोब. विमान उशिराच्या क्लेमला ठरावीक तासांची अट असते आणि कंपनीचं उशिराचं प्रमाणपत्र लागतं. ते मागितलं की ई-मेलवर मिळतं.

२२. मातीला (अंत्यविधीला) पोहोचायचं होतं आणि विमान चार तास लेट झालं. अशा वेळी काही करता येतं का?

काउंटरवर स्पष्ट सांगा आणि आधीच्या विमानात जागा मागा. नियमात तसा हक्क नाही, पण ड्युटी मॅनेजरला अधिकार असतात आणि ते बहुधा वापरतात. दुसरं ठिकाण सुचवा: बंगळुरूहून पुण्याचं विमान लेट असेल तर कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, गोवा यांपैकी कुठलं आधी आहे? सांगली-मिरजेला बेळगाव पुण्याहून जवळ पडतं. साताऱ्याला मात्र पुणेच. घरच्यांना "येतोय" एवढं न सांगता खरी वेळ सांगा, म्हणजे थांबायचं की नाही ते त्यांना ठरवता येईल.

२३. जवानांच्या सवलतीच्या तिकिटावर हे सगळे हक्क लागतात का?

लागतात. सवलत भाड्यात आहे, हक्कात नाही. लेहची विमानं वाऱ्यामुळे बहुतेक सकाळीच असतात, सकाळचं गेलं की दिवस गेला. म्हणून लेहहून दिल्ली आणि दिल्लीहून पुणे ही तिकिटं एकाच पीएनआरवर काढा (प्रश्न ८). रद्द झाल्याचा कंपनीचा ई-मेल युनिटला दाखवायला जपून ठेवा.

२४. कंपनी दाद देत नाही. तक्रार कुठे? मुंबईला खेटे घालावे लागतील का?

नाही. आधी कंपनीच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याला ई-मेल, मग त्यांच्याच अपील अधिकाऱ्याला. समांतर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५. एवढ्यावर भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा करता येतो, म्हणजे साताऱ्यात किंवा सांगलीत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षं. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे. मानसिक त्रासाची वेगळी मागणी करायची ती इथेच. डीजीसीएच्या नियमात तिला जागा नाही.

२५. परताव्याऐवजी व्हाउचर दिलं. घेतलंच पाहिजे का?

नाही. पैसे कंपनीकडे जमा ठेवायचे की परत घ्यायचे ही निवड प्रवाशाची असते, आणि भरपाईचं व्हाउचर तुमच्या सहीच्या संमतीनेच देता येतं. क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे ७ दिवसांत परत यायला हवेत. अॅपमध्ये "स्वीकारा" हे बटण मोठं आणि परताव्याचा दुवा खाली बारीक अक्षरात असतो. चुकून दाबलंत तर त्याच दिवशी ई-मेल करून नकार कळवा. व्हाउचर वापरलं नसेल तोवर वाद घालायला जागा असते. त्यातून एकदा तिकीट काढलं की ती राहत नाही.